प्रजेपासून नागरिकापर्यंत : कोल्हापूरच्या मतदाराची वाटचाल

काही वर्षांपूर्वी नागरिकशास्त्राच्या तासाला निवडणूक हा पाठ शिकवीत असताना नववीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, मत आपले असते की घराचे?" वर्ग हसला. मुलगा मात्र गंभीर होता. त्याच्या घरी निवडणुकीच्या आदल्या रात्री वडील मंडळी बसतात, कोणत्या चिन्हावर शिक्का पडायचा ते ठरते आणि सकाळी घरातली नऊ माणसे तसे मत देऊन येतात, एवढेच त्याने पाहिले होते. मी त्याला पुस्तकातले उत्तर दिले. मत गुप्त असते, ते ज्याचे त्याचे असते, असे सांगितले. तास संपला, पण माझे समाधान झाले नाही. नागरिक राजकीय विचार कसा करतो आणि तो कृतीत कसा आणतो, हा प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या एका परिच्छेदात बसणारा नाही. त्याचे उत्तर शोधायला फार दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या कोल्हापूरच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातच ते बरेचसे सापडते. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडक्यात आढावा घेण्याचा प्रयत्न आहे.

प्रजा आणि नागरिक

प्रजा आणि नागरिक हे दोन शब्द आपण सहज एकाच अर्थाने वापरतो, परंतु त्यांत मोठा फरक आहे. प्रजेला राजा चांगला मिळाला तर तिचे कल्याण होते, वाईट मिळाला तर हाल होतात. दोन्ही वेळा निर्णय तिच्या हातात नसतो. ती अर्ज करते, विनंती करते, आशीर्वाद देते. नागरिक मात्र हिशेब मागतो. कारभार करणारा माणूस त्याने निवडलेला असतो आणि ठराविक मुदतीनंतर तो बदलण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो. हा अधिकार युरोपातही एका दिवसात मिळालेला नाही. लोकशाहीची जननी म्हणविणाऱ्या इंग्लंडात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ साल उजाडावे लागले. स्वित्झर्लंडसारख्या जुन्या लोकशाही देशात स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत १९७१ साली मिळाले. आपल्या देशात स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत, साक्षर-निरक्षर या सर्वांना हा अधिकार एकाच वेळी मिळाला. ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो.

सुरुवात शाळेपासून

कोल्हापूरचे वैशिष्ट्य असे, की येथे नागरिक घडविण्याची पूर्वतयारी एका राजाने केली. राजर्षि शाहू छत्रपतींनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. नोकरीसाठी शिक्षण हवे आणि शिक्षणासाठी शहरात राहण्याची सोय हवी, हे ओळखून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थी वसतिगृहांना आधार दिला. मुसलमान समाज शिक्षणात मागे होता. त्यातील काही मुलांना महाराजांनी प्रथम मराठा बोर्डिंगातच ठेवून घेतले. पुढे १९०६ साली समाजातील मंडळींची सभा बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग हे त्याचेच फळ होय. एका हिंदू राजाने मुसलमानांच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्षपद आपण होऊन घ्यावे, याचे मोल केवळ देणगीच्या आकड्याने होणारे नाही.

१९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड ठेवला. त्या काळी पुष्कळ पालकांना हा जुलूम वाटला असेल. शेतावर, दुकानात, मागावर हाताशी येणारे पोर शाळेत अडकून पडणे परवडणारे नव्हते. परंतु ज्याला कागद वाचता येत नाही त्याला हिशेब मागता येत नाही, हे महाराजांना पक्के ठाऊक होते. राजाने प्रजेला शिकविले, म्हणजे एक दिवस ती राजालाही प्रश्न विचारील हे ओघानेच आले. आणि तसेच झाले.

प्रश्न विचारणारी प्रजा

महाराज १९२२ साली निवर्तले. त्यानंतर दोन दशकांच्या आतच कोल्हापूर संस्थानात प्रजापरिषदेची चळवळ उभी राहिली. १९३९ साली भाई माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आदींनी तिचे नेतृत्व केले. शेतसारा कमी करा आणि प्रजेला जबाबदार राज्यपद्धती द्या, अशा तिच्या मागण्या होत्या. सारा ही पोटाची गोष्ट आणि जबाबदार राज्यपद्धती ही तत्त्वाची. या चळवळीने दोन्हींची सांगड घातली म्हणूनच ती गावोगाव पोहोचली. सामान्य माणूस राजकीय विचार असाच करतो. तो घटनेच्या कलमापासून सुरुवात करीत नाही. साऱ्याची पावती, रेशनचे दुकान, मुलाचा शाळाप्रवेश यांपासून करतो आणि तेथून तत्त्वापर्यंत जातो.

१९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट व जयाबाई हविरे या दोन स्त्रियांनी मुंबईचे माजी गव्हर्नर विल्सन यांच्या कोल्हापुरातील पुतळ्यावर डांबर ओतले. हा पुतळा ज्या जागी होता, तेथे आज शिवाजी चौक आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गारगोटीच्या कचेरीवर चाल करून गेलेल्या तरुणांनी गोळ्या झेलल्या. पुढे १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि येथील प्रजा कायद्याने भारताची नागरिक झाली. ज्या घटना समितीने हे नागरिकत्व शब्दबद्ध केले, तीत रत्नाप्पा कुंभार आणि बाळासाहेब खर्डेकर ही कोल्हापूरची माणसे सभासद होती. आपल्या मुलांना हे सांगितले पाहिजे. राज्यघटना दिल्लीहून आली खरी, पण ती लिहिणाऱ्यांत आपल्या पंचक्रोशीतली माणसेही बसली होती.

वेगळी पेटी की एकच पेटी

मुसलमान मतदाराच्या दृष्टीने या इतिहासात आणखी एक महत्त्वाचा धागा आहे. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी ब्रिटिश हिंदुस्थानात मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. मुसलमान उमेदवाराला फक्त मुसलमानांनी मत द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसनेही तिला मान्यता दिली. अल्पसंख्याकांचा आवाज बुडू नये हा त्यामागचा हेतू वरवर योग्य दिसतो. पण परिणाम काय झाला ते पाहिले पाहिजे. मुसलमान उमेदवाराला हिंदू मतदाराच्या दारी जाण्याचे कारण उरले नाही आणि हिंदू उमेदवाराला मुसलमान मोहल्ल्यात पाय ठेवण्याची गरज राहिली नाही. जो दारात येतच नाही, त्याच्याविषयी गैरसमज वाढायला वेळ लागत नाही. १९४६ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातील मुसलमानांसाठी राखलेल्या तीसही जागा मुस्लिम लीगने जिंकल्या. परंतु त्या वेळी मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींनी जखडलेला होता. बहुसंख्य गरीब मुसलमानांना, कारागिराला, शेतमजुराला मत नव्हते. कोल्हापूरसारख्या संस्थानांतील प्रजेला तर त्या निवडणुकीत भागच नव्हता. थोड्यांनी दिलेल्या मताचे ओझे पुढे सर्वांना वाहावे लागले.

घटना समितीत या प्रश्नाचा पुन्हा विचार झाला. स्वतंत्र मतदारसंघ रद्द झाले आणि मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांची तरतूदही वगळण्यात आली. या चर्चेत बेगम ऐजाज रसूल या मुसलमान स्त्री-सभासदाने राखीव जागांना विरोध केला होता. अल्पसंख्याकांनी बहुसंख्याकांपासून कायमचे वेगळे राहू नये, अशी त्यांची भूमिका होती.

एकाच पेटीचा हा मार्ग सोपा ठरला असे म्हणता येणार नाही. लोकसंख्येच्या मानाने मुसलमान आमदार-खासदारांची संख्या कमी राहिली, ही तक्रार खरी आहे आणि ती मांडण्यात गैर काही नाही. परंतु याच मार्गाने बॅरिस्टर अ. र. अंतुले १९८० साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. आपल्याच जिल्ह्यात, शाहू महाराजांच्या जनक घराण्याच्या कागल या गावाच्या मतदारसंघातून हसन मुश्रीफ १९९९ पासून सतत निवडून येत आहेत आणि तेथे मुसलमान मतदार अल्पसंख्य आहेत. त्यांचा पक्ष कोणता, त्यांचे राजकारण आपल्याला पटते की नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. मुद्दा एवढाच, की धर्म न पाहता मत देणारे हजारो मतदार आपल्या शेजारी राहतात. त्यांच्याकडून आपण जी अपेक्षा ठेवतो, तीच त्यांनी आपल्याकडून ठेवली तर ती गैर मानता येणार नाही.

नाव सांगण्याची गोष्ट

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक हा जगातील एक मोठा प्रयोग होता. सतरा कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर चिन्ह लावण्यात आले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात लक्षावधी स्त्रियांनी यादीसाठी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच ओळख त्यांनी दिली. सेन यांनी अशा नोंदी मान्य करण्याचे नाकारले आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. त्या वेळी हा निर्णय कठोर वाटला. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत स्त्रिया नाव सांगू लागल्या. मत द्यायचे तर आधी स्वतःचे नाव हवे, एवढा धडा त्यातून मिळाला.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे असे मला वाटते. मतदार यादीत घराचे नाव नसते. प्रत्येक माणसाचे वेगळे नाव असते, आईचे वेगळे आणि आजीचे वेगळे.

मतदार विचार कसा करतो

तरीही घरात ठरते ही गोष्ट खोटी नाही आणि ती केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. १९४० साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ईरी परगण्यात पॉल लाझर्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारांचा अभ्यास केला. वर्तमानपत्र आणि रेडिओ यांचा मतावर प्रभाव पडत असेल अशी समजूत होती. प्रत्यक्षात असे आढळले, की प्रचाराने मत बदलणारे थोडेच असतात आणि माणसावर खरा प्रभाव घरच्या, शेजारच्या व कामावरच्या माणसांचा असतो.

कोल्हापूरच्या माणसाला हे वाचून नवल वाटणार नाही. येथे पेठ आहे, तालीम आहे, मंडळ आहे आणि सर्वांवर गट आहे. पक्ष कोणता यापेक्षा गट कोणता हे आपल्याकडे आधी विचारले जाते. ग्रामपंचायत, विकास सोसायटी, दूध संघ, साखर कारखाना, बँक अशा निवडणुकांची सवय असल्याने आपला मतदार मतदानाला कंटाळत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापूर मतदारसंघात ७१ टक्क्यांहून अधिक मतदान झाले, तर राज्याची सरासरी ६१ टक्क्यांच्या आसपास होती. ही अभिमानाची गोष्ट आहे. तालमीत मोहरमचे पंजे आणि गणपती शेजारी बसविणाऱ्या या शहराला एकत्र येण्याची कला अवगत आहे. परंतु गटाबरोबर चालणे आणि गटासाठी डोळे मिटणे यांत अंतर आहे. गट माणसाला बळ देतो आणि कधी कधी त्याची विचार करण्याची जबाबदारीही काढून घेतो.

ही जबाबदारी पूर्णपणे सुटली म्हणजे नागरिकांचा जमाव होतो. १९४८ साली महात्माजींच्या हत्येनंतर याच शहरात ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही त्या आगीतून सुटला नाही. गुन्हा एकाचा आणि शिक्षा त्याच्या जातीच्या निरपराध माणसांना, असा तो न्याय होता. ७ जून २०२३ रोजी मोबाईलवरील काही मजकुरावरून शहरात दंगल झाली. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या वाटेवरील गजापुरात घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. ज्यांच्या घरांवर दगड आले त्यांचा गडावरील अतिक्रमणाशी संबंध नव्हता. या घटनांनी आपल्या समाजाच्या मनाला जखम झाली आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. पण १९४८ चे जळलेले घर आणि २०२४ चे मोडलेले घर यांच्याकडे एकाच दृष्टीने पाहण्याची ताकद आपल्यात आली पाहिजे. दोन्हीकडे जमावाने माणसाचे नाव पुसून त्याच्या जातीचे वा धर्माचे नाव लिहिले होते. आपली मुले उद्या कोणत्याही जमावात सामील होऊ नयेत असे वाटत असेल, तर आलेला संदेश पुढे पाठविण्यापूर्वी तो खरा आहे काय, हे विचारण्याची सवय त्यांना घरातच लागली पाहिजे. एका बोटाच्या स्पर्शाने चौक पेटतो, हे आपण पाहिले आहे.

मतदानानंतरचा नागरिक

मत दिले म्हणजे काम संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. पाच वर्षांतील एक दिवस नागरिक आणि उरलेले दिवस प्रजा, असा हा प्रकार होतो. कोल्हापूरचा अनुभव याहून चांगला आहे. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्ते खाजगी कंपनीकडून बांधून घेऊन त्याबदली तीस वर्षे टोल वसूल करण्याची योजना झाली, तेव्हा लोकांनी सर्वपक्षीय कृती समिती स्थापन केली. प्रा. एन. डी. पाटील, ॲड. गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसे रस्त्यावर उतरली. मोर्चे निघाले, सभा झाल्या, रस्त्यांच्या मूल्यांकनावर आकडेवारीनिशी वाद झाले. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके जाळण्याचा प्रकारही घडला. त्याचे समर्थन करता येत नाही. चळवळीचे बळ आगीत नव्हते, चिकाटीत होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांचा मृत्यू झाला. तरी चळवळ थांबली नाही आणि २०१५ अखेरीस शासनाने टोल रद्द केला. त्या मोर्चांत कोण कोणत्या धर्माचा हे कोणी विचारले नाही, कारण टोल सर्वांनाच द्यावा लागत होता.

दुसरे उदाहरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे. सहा जिल्ह्यांतील वकिलांनी व पक्षकारांनी ही मागणी चार दशके लावून धरली. अखेर १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे काम सुरू झाले. लढा सुरू करणारे कित्येक जण तो दिवस पाहायला राहिले नाहीत. लोकशाहीत फळाला वेळ लागतो, हे तरुणांनी यातून शिकावे.

आपल्या समाजातील एक उदाहरणही सांगितले पाहिजे. १९८५ साली मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा तलाकमुक्ती मोर्चा कोल्हापूरहून नागपूरकडे निघाला. शाहबानो खटल्याच्या निकालाचे ते वर्ष. वाटेत काही ठिकाणी या मोर्चाला तीव्र विरोध झाला. त्याच्याशी सहमत असणारे आणि नसणारे, दोन्ही प्रकारचे लोक आपल्यात होते व आजही आहेत. येथे कोणाची बाजू घ्यावयाची नाही. पण समाज म्हणजे एकच मत, ही बाहेरच्यांची समजूत आणि पुष्कळदा आपलीही समजूत त्या घटनेने खोटी ठरविली. मतभेद झाला म्हणून समाज फुटत नाही. मतभेद बोलून दाखविण्याची मोकळीक नसली म्हणजे तो आतून पोकळ होतो.

पालकांनी व विद्यार्थ्यांनी काय करावे

पालकांनी प्रथम मतदार यादीत घरातील प्रत्येकाचे, विशेषतः सुना-लेकींचे नाव स्वतः तपासावे. १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले आहे आणि आता नाव नोंदविण्यासाठी वर्षातून चार पात्रता तारखा असतात. मुलगा-मुलगी अठरा वर्षांची झाली की सहा नंबरचा अर्ज भरून घ्यावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत. पुष्कळ पालक सभेला येतच नाहीत आणि सही घरी मागवितात. तसे करू नये. शाळेची सभा ही लोकशाहीची पहिली इयत्ता आहे. आपल्या शिक्षण संस्थांच्या वार्षिक सभेतही हिशेब वाचला जातो. तो ऐकावा आणि शंका असेल तर विचारावी. ज्याला आपल्या संस्थेत प्रश्न विचारता येत नाही, तो महापालिकेत काय विचारणार? कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. नगरसेवक नसताना गटार तुंबली तर कोणाकडे जायचे, हे तेव्हा गल्लोगल्ली कळले. निवडणुकीची किंमत ती नसताना समजते.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही वर्तमानपत्र रोज वाचा, एक नव्हे, शक्य तर दोन वाचा. आपल्याला न पटणारे मत धरणाऱ्या मित्राशी भांडा, पण त्याची संगत सोडू नका. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला आहे, त्याचा अर्ज कसा लिहितात ते शिकून घ्या. आणि मतदानाच्या आदल्या रात्री घरात चर्चा होईल तेव्हा तेथे बसा. वडीलधाऱ्यांचे ऐका, त्यांचा अनुभव मोठा असतो. तुमचेही म्हणणे अदबीने मांडा.

त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला आज द्यायचे झाले तर मी असे देईन : चर्चा घराची असावी, मोहल्ल्याची असावी, साऱ्या शहराची असावी. पण त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे माणूस एकटाच जातो. तेथे बाप नसतो, गटाचा पुढारी नसतो, मौलवी वा महंत नसतो. त्या क्षणी सोबत असते ती फक्त आपली सदसद्‌विवेकबुद्धी आणि शाळेत शिकलेली अक्षरे. शाहू महाराजांनी १९०६ साली आपल्या मुलांसाठी बोर्डिंगाचे दार उघडले, ते ही अक्षरे आपल्या हाती यावीत म्हणूनच. त्यांचा उपयोग आपण स्वतंत्र बुद्धीने आणि शेजाऱ्याच्या भल्याची आठवण ठेवून केला, तर त्या ऋणाची थोडीफार फेड होईल.